बोटभर राक्षस हातानं घडवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भात, दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहतो. कापूस वेचून झाला आणि तूर उभी असली, की मधल्या दिवसांत पुट्टीचे (दोन भाग एकत्र मळले की घट्ट होणाऱ्या लगद्याचे) राक्षस, बुटके लढवय्ये आणि पंखवाले साप घडवतो. बघायला येणारे तेच तेच विचारतात. फोनवर विचारणारेही तेच विचारतात. म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं.

काऊन बे, बाहुल्या करून राह्यला का?

हो.

पण हे आहे तरी काय?

1974 साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ निघाला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एक पात्र घेतो, कोणी जादूगार, कोणी तलवारवाला. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीत फासे टाकत शिरतात. कोण कुठे उभं आहे हे कळावं म्हणून टेबलावर छोट्या आकृत्या ठेवतात. शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळणारे लोक त्याआधीही होतेच, त्यात आता राक्षस आणि ड्रॅगन येऊन मिसळले. इंग्लंडात 1979 मध्ये सिटाडेल ही कंपनी अशा धातूच्या आकृत्या करायला लागली आणि पुढे हा मोठा धंदा झाला.

या सगळ्याच्या मुळाशी एक माणूस, एक सुई आणि पुट्टीचा गोळा असायचा. पहिली आकृती हातानं घडायची, मग तिच्यावरून रबराचा साचा आणि साच्यातून हजारो प्रती. ती पहिली आकृती बहुतेक वेळा हिरव्या पुट्टीची असे, म्हणून तिला त्या धंद्यात ‘ग्रीन’च म्हणतात. मी फक्त तेवढंच करतो. हजारो प्रती मला नकोत.

बोटभर म्हणजे नेमकी केवढी?

सगळ्यात जास्त चालणारं माप 28 मिलिमीटर, तळपायापासून डोळ्यापर्यंत मोजलेलं. खऱ्या माणसाच्या साधारण 56 ते 60 पट लहान. आपल्या घरातल्या मापानं सांगायचं तर डोकं तुरीच्या दाण्याएवढं, मूठ ज्वारीच्या दाण्याहून लहान आणि डोळा खसखशीहून बारीक.

खरा माणूस त्याच्या साडेसात डोक्यांएवढा उंच असतो. या आकृत्यांत मात्र डोकं, हात आणि हत्यार मुद्दाम मोठं करतात, उंची जेमतेम सहा डोकी भरते. दोन हात लांबून, टेबलाच्या पलीकडून, हा कुऱ्हाडवाला आहे हे कळायला हवं ना. अगदी अचूक प्रमाणात केलेली आकृती लांबून काडीसारखी दिसते. माझी पहिली आकृती हळकुंडासारखी दिसत होती, पण ते प्रमाणामुळे नव्हतं.

नवीन असाल तर 54 मिलिमीटरपासून सुरुवात करा. डोकं बोराच्या बीएवढं तरी होतं.

पुट्टी कोणती घ्यायची? एम-सील चालतं का?

चालतं. मी दोन वर्षं फक्त एम-सीलवर काढली, कारण गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात तेवढंच मिळत होतं. दोन भाग सारखे घ्यायचे आणि वेगळ्या रंगाच्या रेघा पूर्ण नाहीशा होईपर्यंत मळायचे. घट्ट झालं की दगड होतं. कानशीनं घासता येतं, भोक पाडता येतं, रंग धरतं. अडचण दोनच. अंगानं रवाळ आहे, त्यामुळे पापणी किंवा ओठ काढायला गेलं की कडा फाटते. आणि माझ्या हाताला ते अर्धा-पाऊण तासच नरम राहतं. धड, पाय, दगड, झाडाचा बुंधा, राक्षसाची पाठ यांना एम-सील उत्तम. चेहऱ्याला नाही.

चेहरा, कापड आणि केस यांना ग्रीन स्टफ. निळी आणि पिवळी अशी दोन रंगांची पट्टी येते, मळली की हिरवी होते. च्युइंगगमसारखी ताणली जाते, ओढली की टोकं काढते, सुईची रेघ जशीच्या तशी ठेवते. पिवळा थोडा जास्त घेतला की मऊ आणि चिकट, निळा जास्त घेतला की कडक. सुकल्यावरही ती किंचित रबरासारखी राहते, त्यामुळे कानस लावली तर घासली जाण्याऐवजी कुसकरते. तलवारीची सरळ धार ग्रीन स्टफमध्ये करायला जाल तर रडाल.

तिसरी मिलिपुट. ही पाण्याचं बोट फिरवून गुळगुळीत करता येते आणि सुकल्यावर छान घासता येते. ग्रीन स्टफ आणि मिलिपुट अर्धी अर्धी मिसळली तर दोघींचेही हट्ट कमी होतात. आता माझं बहुतेक काम याच मिश्रणात चालतं.

विकत घेताना एक बघा. ग्रीन स्टफच्या पट्टीत निळा आणि पिवळा जिथे एकमेकांना चिकटलेले असतात, तिथली मधली रेघ आधीच घट्ट झालेली असते. ती एक-दोन मिलिमीटर कापून फेकून द्यायची, नाहीतर मळताना कण राहतात आणि बरोबर नाकावर येतात. मे महिन्यात मागवलेली माझी एक पट्टी कुरिअरच्या गाडीत आणि तालुक्याच्या गोदामात मिळून सहा दिवस उन्हात तापली. हातात आली तेव्हा अर्धी कापून टाकावी लागली. तेव्हापासून मी दिवाळीनंतरच मागवतो आणि फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवतो. डबीवर मोठ्या अक्षरात लिहा. आमच्या घरी ती एकदा वाटाण्यांसोबत बाहेर निघाली होती.

पाकिटावर दीड तास लिहिलंय, माझी तर वीस मिनिटांत घट्ट होते. माल खराब आहे का?

माल चांगला आहे. तुम्ही विदर्भात आहात.

दोन भाग मिसळले की रासायनिक क्रिया सुरू होते, आणि उष्णता वाढली की तिचा वेग वाढतो. ढोबळ हिशेब असा, की दहा अंश वाढले की वेग साधारण दुप्पट. पाकिटावरची वेळ वीस-बावीस अंशांच्या खोलीची असते. आपल्या टिनाखालच्या खोलीत मे महिन्यात दुपारी बेचाळीस अंश असतात, म्हणजे वेग चौपट. दीड तासाचे वीस मिनिटं होणारच.

त्यामुळे पुट्टीचं घड्याळ इथं ऋतूप्रमाणे बदलतं आणि कामही त्याप्रमाणे वाटून घ्यावं लागतं. उन्हाळ्यात मी पहाटे साडेचार ते सात बसतो. एका वेळी हरभऱ्याच्या दाण्याएवढीच पुट्टी मळतो. मळलेला गोळा प्लास्टिकमध्ये गुंडाळून माठाखालच्या ओल्या फडक्यावर ठेवतो आणि लागेल तेवढा चिमटा घेतो. चेहऱ्याचं काम उन्हाळ्यात करतच नाही. ते दिवस सांगाडे वळवायचे, धड भरायचे, घासायचे.

थंडीत उलट होतं. जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या आसपास जातो आणि ग्रीन स्टफ सकाळपर्यंत ओलीच. तेव्हा बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात जुना पिवळा साठ वॅटचा बल्ब लावून आकृती त्यात ठेवतो. एलईडीनं काही होत नाही, त्यात ऊबच नसते. पण चेहरे करायचे ते याच दिवसांत. दोन-दोन तास पुट्टी नरम राहते, नाक तीनदा चुकलं तरी चौथ्यांदा जमवता येतं. माझे सगळे बरे चेहरे डिसेंबर-जानेवारीतले आहेत.

पावसाळ्यात घट्ट झालेल्या थरावर कधी कधी चिकट पापुद्रा येतो. साबणाच्या कोमट पाण्यानं धुऊन टाका आणि मगच पुढचा थर द्या.

आतला सांगाडा कशाचा?

तांब्याच्या तारेचा. ती विकत घ्यायची गरज नाही. व्होल्टेज वरखाली होऊन ज्या गावात दर हंगामात पाच-सात मोटरी जळतात, तिथं तांब्याच्या तारेला काय तोटा! तालुक्याला वाइंडिंगवाल्या भाऊंकडे जा आणि 20 किंवा 22 गेजची हातभर तार मागा. चहा पाजला तर फुकट मिळते. वरचं जळकं लाखेचं आवरण पॉलिश पेपरनं घासून काढा. एकेरी गुळगुळीत तारेवर पुट्टी गरगर फिरते, म्हणून दोन तारांना पीळ द्या, त्या खाचांत पुट्टी धरून बसते.

कागदावर आकृती खऱ्या मापात काढायची आणि तार त्यावर ठेवून वळवायची. खांदे, कंबर, गुडघे कुठे येतात याच्या खुणा करायच्या. उभं राहण्याची ढब इथंच ठरते, नंतर पुट्टीनं ती सुधारत नाही. एका पायावर भार असेल तर त्या बाजूचं कुल्लं वर जातं आणि खांदा खाली येतो. पानटपरीवर उभा असलेला कोणीही माणूस बघा, फुकटचा मॉडेल आहे. एकच जागा पाच-सहा वेळा वाकवू नका. तांबं कडक होऊन तुटतं, आणि तुटतं ते बरोबर घोट्यात.

पायाची तार खाली दोन सेंटिमीटर जास्त ठेवून बाटलीच्या बुचात रोवायची. काम करताना हात बुचाला लावायचा, आकृतीला नाही.

हत्यारं कुठे मिळतात?

अर्धी घरात आहेत. वापरून झिजलेली शिवणाची सुई लाकडी काडीत बसवली की सगळ्यात महत्त्वाचं हत्यार तयार. गोधडी शिवायचं दाभण, नवं ब्लेड, सायकलच्या चाकाची तार ठोकून चपटी केलेली. बाभळीचा वाळलेला काटाही मी वापरतो. धातूला पुट्टी जितकी चिकटते तितकी काट्याला चिकटत नाही असा माझा अनुभव आहे, आणि बोथट झाला की बांधावर दुसरा.

एक गोष्ट मात्र विकत घ्या. दंतवैद्य मेण कोरायला वापरतात ते दोन तोंडांचं हत्यार, एका बाजूला चमच्यासारखं पातं, दुसऱ्या बाजूला पानासारखं. नागपूर-अमरावतीला दातांच्या सामानाच्या दुकानात मिळतं. अशा छोट्या आकृत्या हातानं घडवणारे बरेच शिल्पकार हेच वापरतात. जमलं तर रबरी टोकाचे ब्रशसारखे शेपर घ्या, त्यांनी बोटांचे ठसे पुसले जातात.

हत्यार पाण्यात बुडवून किंवा किंचित व्हॅसलिन लावून चालवायचं, म्हणजे पुट्टी ओढली जात नाही. व्हॅसलिन वापरलं तर पुढच्या थराआधी धुवायलाच हवं, नाहीतर कपडे अंगावरून सालीसारखे सुटतात. हे मला एका जादूगाराचा अख्खा झगा हातात आल्यावर कळलं.

आणि भिंग. चाळिशी लागली असेल तर घड्याळजी डोळ्याला लावतात ते. नसेल लागली तरी.

शेतात एवढी माती पडली आहे, पुट्टी विकत कशाला?

आमच्या आबाजींचा आवडता प्रश्न. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. तीच भेग तुरीएवढ्या डोक्यावर पडली की काय उरतं? कुंभार मातीत लीद-भुसा मिसळून हे सांभाळतात, पण भुश्याची एक काडी आमच्या राक्षसाच्या हाताएवढी असते. शिवाय कच्च्या मातीची दोन मिलिमीटरची बोटं रंगाच्या ब्रशनंच मोडतात.

भुलाबाईच्या मूर्ती, पोळ्याचे बैल यांना माती बरोबर आहे. मोठा आकार आधी मातीत करून बघायलाही उत्तम. मी प्रत्येक ड्रॅगन आधी वीतभर मातीत करतो, दोन दिवस न्याहाळतो, मोडतो आणि मग लहान करतो.

एका बैठकीत आकृती का होत नाही?

कारण नाक करताना अंगठा पोटावर असतो.

आधी धडाचा आणि पायांचा नुसता गाभा भरायचा, हाडकुळाच ठेवायचा. घट्ट होऊ द्यायचा. दुसऱ्या दिवशी स्नायू, तिसऱ्या दिवशी डोकं, मग कपडे, मग पट्टे-बकला, शेवटी हात आणि हत्यार. खालचा थर दगड झालेला असेल तरच वरच्यावर जोर देता येतो. नवशिक्या पहिल्याच थरात अंग गुबगुबीत करून टाकतो, मग त्यावर चिलखत चढवलं की लढवय्या पोत्यासारखा दिसतो.

आणखी एक थांबणं आहे, आणि ते मला शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला. मळलेली पुट्टी लगेच फक्त ढकलण्याजोगी असते. धारदार कडा, पट्टा, झग्याची किनार हे तिच्यात लगेच होत नाही. कापलं की ब्लेडमागून ओढत येते. प्लास्टिकवर व्हॅसलिन लावून ती पोळीसारखी पातळ लाटायची आणि अर्धवट घट्ट होईपर्यंत सोडून द्यायची. थंडीत तासभर, उन्हाळ्यात दहा मिनिटं. दाबली तर वाकते पण चिकटत नाही, अशी झाली की ब्लेडनं पट्टे कापायचे आणि अंगावर बसवायचे. वेळ मोजू नका, उरलेला गोळा शेजारी ठेवून तोच दाबून बघत राहा.

चेहरा जमतच नाही.

कोणालाच जमत नाही, वीस-पंचवीस होईपर्यंत. डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात, वर नाही, ही पहिली चूक सुधारा. दोन खाचा दाबा, मधोमध नाकाची पाचर, खाली तोंडाची एक रेघ. खाचांत सुईच्या टोकावर मावेल एवढे दोन गोळे ठेवा आणि घट्ट होऊ द्या. पापण्या दुसऱ्या दिवशी, वरून. बुबुळं कोरायची नाहीत, ती रंगात येतात. दाढी ही शिल्पकाराला मिळालेली मोठी सवलत आहे. जबडा फसला की मी दाढीवाला बुटका करतो.

ड्रॅगन कुठे बघितला होता?

वखराच्या मागे. घोरपड बांधावरून जाते तेव्हा पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय बरोबर पडतो, पाठ सापासारखी वळते आणि कातडी बगलेत चुण्या धरते. ड्रॅगनचे पाय तिच्याकडून घ्या. पंख वटवाघळाचे. ते पंख म्हणजे हातच असतो: अंगठा मोकळा, बाकी चार बोटं छत्रीच्या काड्यांसारखी लांबलेली आणि त्यांवर कातडं ताणलेलं. पंख पाठीवर नुसता चिकटवला तर पतंग लावल्यासारखा दिसतो. खांदा आणि कोपर दाखवला की उडेल असं वाटतं. बैलाच्या डोक्याचा राक्षस करायचा तर ताडोब्याकडचा रानगवा बघा, त्याची पाठ खांद्यांवर कशी उंच असते ते. सुळे रानडुकराचे. रोह्याला, म्हणजे नीलगाईला, मात्र मी अजून कुठे बसवू शकलो नाही, तो दिसतो गरीब आणि वागतो राक्षसासारखा, हे तुरीवाल्यांना सांगायला नको.

खवले नेहमी शेपटीकडून सुरू करायचे आणि डोक्याकडे जायचं. वरची ओळ खालच्या ओळीवर चढली पाहिजे, छपरावर कवेलू चढवतात तसंच. मी पहिल्यांदा डोक्याकडून सुरू केलं होतं. पाऊस आला असता तर ड्रॅगन गळला असता.

सगळे राक्षस विलायतीच का? आपले नाहीत का?

भरपूर आहेत, आणि घडवलेलेही आहेत. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरात लवणासुराला पायाखाली घेतलेला विष्णू आहे. चिखलदऱ्याला भीमानं कीचकाला मारून दरीत टाकल्याची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी मार्कंड्याच्या भिंती मूर्तींनी भरल्या आहेत, एका दिवसात बघून होत नाहीत. वहीत ढबी उतरवून आणा: कंबर कुठे मोडली आहे, भार कुठल्या पायावर आहे.

रामटेकचा केवल नरसिंह वाकाटकांच्या काळातला. प्राण्याचं डोकं माणसाच्या धडावर बसवताना मान हा अवघड भाग असतो, जोड दिसला की मुखवटा घातल्यासारखं वाटतं. नरसिंहाला आयाळ असते आणि ती खांद्यावर उतरली की जोड झाकला जातो. त्या दिवशी घरी येऊन मी माझ्या लांडग्याच्या मानेभोवती केस वाढवले.

भुताखेतांत मुंजा, झोटिंग, हडळ झाली करून. चकवा राहिला आहे. रात्री शेतात फिरवत ठेवतो पण दिसत नाही, त्याला घडवायचं कसं? सध्या नुसतं एक बाभळीचं झाड आणि भोवती पावलांचे गोल ठसे एवढंच केलंय.

अंगाला बाधतं का?

या सगळ्या दोन भागांच्या पुट्ट्या म्हणजे इपॉक्सी, आणि ओली इपॉक्सी कातडीला चांगली नाही. काहींना वर्षानुवर्षं काही होत नाही आणि एक दिवस बोटांवर खाज-पुरळ सुरू होतं, मग ते कायमचं. नायट्राइलचे पातळ हातमोजे घाला. तोंडाला लावून हत्यार ओलं करू नका, मी करायचो. घासताना पाणी लावून घासा आणि तोंडाला मास्क बांधा. पोळपाट-लाटणं घरातलं वापरू नका, हे कातडीसाठी कमी आणि घरातल्या शांततेसाठी जास्त.

पॉलिमर क्ले (भाजून घट्ट होणारी प्लास्टिकची माती) वापरत असाल तर ती साधारण 130 अंशांवर भाजावी लागते. चुलीवर किंवा तव्यावर नाही. जळली की विषारी धूर निघतो. तापमान दाखवणारा छोटा ओव्हन असेल तरच त्या वाटेला जा.

साचा काढून प्रती करता येतात का?

सिलिकॉन रबराचा दोन भागांचा साचा आणि त्यात ओतून घट्ट होणारं रेझिन, करता येतात. पण स्वतःच्या आकृतीच्या. दुसऱ्याची विकत घेतलेली आकृती साच्यात घालून विकणं ही चोरी आहे, ती कितीही महाग असली तरी.

रंग कोणते?

आधी आकृती साबणानं धुवा. मग गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला करडा स्प्रे प्रायमर, लांबून, पातळ. भर दुपारी मारला तर थेंब हवेतच वाळून अंगावर रवा बसतो, पावसाळी हवेत मारला तर पांढुरका धुरकट थर येतो. पॉलिमर क्लेवर मात्र काही स्प्रे कायम चिकट राहतात, तिथे ब्रशनं अॅक्रिलिकच द्या. रंगाला तालुक्याच्या स्टेशनरीतलं फेविक्रिल अॅक्रिलिक पुरतं, पाणी घालून ताकासारखं पातळ करून दोन-तीन हात. एका जाड हातात पापण्या बुजतात. ब्रश अगदी बारीक नको, एक नंबरचा घ्या, पण टोक सुईसारखं जुळणारा.

आता थ्री-डी प्रिंटर आले, मग हातानं कशाला?

मोठ्या कंपन्यांचे शिल्पकार आता बहुतेक संगणकावरच घडवतात, आणि ते सुरेखच असतं. मला कमीपणा वाटत नाही. पण प्रिंट सात तास चालणार आणि आमची लाइन कधी जाईल याचा नेम नाही. पुट्टीला लाइन लागत नाही, खिडकी लागते.

किती मिळतात याचे?

तुरीपेक्षा कमी. तुरीचा भाव पडलेल्या वर्षीसुद्धा.

पोरांना शिकवू का?

इपॉक्सी नको. कणीक द्या, माती द्या, तार वळवायला द्या. तान्ह्या पोळ्याच्या आधी आमच्याकडे गल्लीतली पोरं जमतात. गेल्या वेळी एकीनं तिच्या लाकडी बैलाला मातीचे पंख लावले. मिरवणुकीत अर्ध्या वाटेवर एक पडला, तिनं तो खिशात टाकला आणि एका पंखाचा बैल पुढे नेला.

आकृती पडली आणि हात तुटला. आता?

नुसतं फेविक्विक लावू नका, पुन्हा तिथेच तुटेल. दोन्ही तुटलेल्या तोंडांवर अर्धा-पाऊण मिलिमीटरचं भोक पाडा. तेवढं बारीक ड्रिल बोटांनी फिरवायच्या छोट्या चकमध्ये बसतं. एका तोंडाच्या मध्यावर रंगाचा ठिपका देऊन दुसरं त्यावर टेकवलं की समोरासमोरची जागा कळते. मध्ये तांब्याच्या तारेचा तुकडा, थोडं फेविक्विक आणि वरून बारीकशी पुट्टी. हात सापडलाच नाही तर मनगटावर पट्टी गुंडाळून टाका. माझ्या फडताळात असे तीन थोटे लढवय्ये आहेत, तिन्ही मांजरीनं पाडलेले.